साठ्याच्या इंटरफेसला अटी घालताना: जावा जेनेरिक्सच्या कामाच्या नोंदी

2 जून

आमच्या प्रोग्राममध्ये तीन ठिकाणी तीन साठे आहेत. एक बिलांचा, एक ग्राहकांचा, एक भेटींच्या वेळांचा. तीन जणांनी ते वेगवेगळ्या वेळी लिहिले, पण काम तिन्हींचं एकच: नोंद ठेवायची, किल्ली दिली की ती काढून द्यायची, मागितलं तर किल्लीच्या क्रमानं सगळी यादी द्यायची. या तिन्हींच्या जागी एकच जेनेरिक इंटरफेस, म्हणजे टाइप वापरणाऱ्यानं भरायचा असा सामायिक साचा, आणायचा आहे. भाषा जावा, आवृत्ती 17. मनात धरलेला वेळ पाच दिवस.

असंच काम कुणी हाती घेतलं तर त्याला माझ्या चुकलेल्या वाटाही दिसाव्यात म्हणून या नोंदी ठेवतेय. कोडमधले शब्द देवनागरीतच लिहिते. न हा नोंदीचा टाइप, क हा किल्लीचा. दोन्ही टाइप पॅरामीटर, म्हणजे वापरताना खरा टाइप भरायच्या जागा.

आजची आवृत्ती अगदी साधी:

इंटरफेस साठा<न, क>

अट, म्हणजे न आणि क च्या जागी कुठले टाइप चालतील याची मर्यादा, कुठलीच नाही. मेथड चार: ठेव, काढ, आहेका, क्रमानं. आत ट्रीमॅप, म्हणजे किल्ल्या क्रमानं ठेवणारा जावाचा तयार क्लास. दुपारपर्यंत लिहून झालं, टेस्ट हिरव्या.

संध्याकाळी एक टेस्ट मुद्दाम वाकडी लिहिली. किल्ली म्हणून विभाग आणि क्रमांक अशी दोन खणांची एक छोटी रेकॉर्ड दिली. कंपाइलर काही बोलला नाही. चालवलं तेव्हा पहिलीच नोंद ठेवताना क्लासकास्टएक्सेप्शन, कारण ती रेकॉर्ड कम्पेरेबल, म्हणजे दुसरीशी लहानमोठी ताडून बघता येणारी, नाही आणि ट्रीमॅपला तुलना करता येईना. चूक माझी, पण ती कळली चालवताना. मला ती कंपाइल करताना कळायला हवी आहे. उद्या अट घालते.

3 जून

अट घातली:

इंटरफेस साठा<न, क एक्स्टेंड्स कम्पेरेबल<क>>

कालची वाकडी टेस्ट आता कंपाइलच होत नाही. हेच हवं होतं. बिलांची किल्ली स्ट्रिंग, ग्राहकांची लाँग, दोन्ही बिनतक्रार बसले.

भेटींच्या साठ्याशी गाडी अडली. तिथे किल्ली लोकलडेट आहे, आणि कंपाइलर म्हणतो, लोकलडेट या टाइप पॅरामीटरच्या मर्यादेत बसत नाही. तारखांची तुलना होत नाही असं कसं? दोन तारखा कम्पेअरटूनं ताडून बघितल्या, व्यवस्थित चाललं. मग इम्पोर्ट तपासले, बिल्ड साफ करून पुन्हा केलं, जावाची आवृत्ती बघितली. यात अडीच तास गेले.

उत्तर लोकलडेटच्या घोषणेत होतं आणि ती उघडून वाचायला दोन मिनिटं पुरली असती. लोकलडेट हा क्रोनोलोकलडेट हा इंटरफेस इम्प्लिमेंट करतो आणि तो इंटरफेस कम्पेरेबल<क्रोनोलोकलडेट> आहे. म्हणजे लोकलडेट तुलना करता येण्याजोगा आहे, पण वडिलांच्या नावानं. कम्पेरेबल<लोकलडेट> तो नाहीच, आणि होऊही शकत नाही, कारण जावात एका क्लासला एकच जेनेरिक इंटरफेस दोन वेगवेगळ्या टाइपांनी इम्प्लिमेंट करता येत नाही.

दुरुस्ती:

क एक्स्टेंड्स कम्पेरेबल<? सुपर क>

अर्थ असा: क ला स्वतःशी किंवा स्वतःच्या कुठल्यातरी पूर्वजाशी तुलना करता यावी. एसक्यूएलचा टाइमस्टॅम्पही असाच अडला असता. तो जुन्या डेट क्लासचा वारस आहे, आणि कम्पेरेबल<डेट> हे डेटनं आधीच ठरवून टाकलं आहे. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत ‘? सुपर’ इतक्या ठिकाणी का दिसतं ते आज कळलं. आजवर मी ते नक्षीसारखं नजरेआड करत होते.

4 जून

आज मीच घातलेल्या अटीनं चालू असलेला कोड मोडला.

साठ्याचं दुसरं इम्प्लिमेंटेशन थोड्या नोंदींसाठी आहे. ते ट्रीमॅप न वापरता क्रमवार ॲरेत किल्ल्या ठेवतं. ते जुनंच आहे, वर्षभर चाललेलं. त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ही ओळ:

किल्ल्या = (क[]) न्यू ऑब्जेक्ट[16];

जेनेरिक टाइपचा ॲरे जावात थेट बनवता येत नाही म्हणून सगळे हीच युक्ती करतात. मी त्या क्लासच्या क वर नवी अट घातली, कंपाइल झालं, आणि पहिली टेस्ट कन्स्ट्रक्टरमध्येच कोसळली: ऑब्जेक्टचा ॲरे कम्पेरेबलच्या ॲरेत कास्ट होत नाही, म्हणजे त्या टाइपचा म्हणून वापरता येत नाही.

ही ओळ मी बदललेलीच नव्हती, म्हणून मला बराच वेळ ते पटेना. कारण असं: कंपाइल झाल्यावर टाइप पॅरामीटर पुसला जातो आणि त्याच्या जागी त्याची पहिली अट बसते. अट नव्हती तेव्हा क च्या जागी ऑब्जेक्ट, म्हणजे सगळ्या क्लासांचा मूळ क्लास, होता, आणि ऑब्जेक्ट ॲरे ऑब्जेक्ट ॲरेत कास्ट करणं म्हणजे काहीच न करणं. अट आली तसा क च्या जागी कम्पेरेबल बसला, तो कास्ट खरा झाला आणि फसला.

कंपाइलरनं अनचेक्ड, म्हणजे ‘हा कास्ट मला तपासता येत नाही’ अशी, वॉर्निंग दिली असती, पण क्लासच्या डोक्यावर वॉर्निंग दाबणारं सप्रेसवॉर्निंग्ज लावलेलं होतं. ते काढलं आणि ठरवलं की यापुढे ते फक्त एकेका ओळीवर लावायचं, शेजारी कारण लिहून. बिल्डमध्ये अनचेक्ड आणि रॉटाइप्स (जेनेरिक टाइप न भरताच वापरला तर येणारी) या दोन्ही वॉर्निंग चालू केल्या. एकूण 58 निघाल्या. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी होत्या, चार खऱ्या.

तात्पुरती दुरुस्ती: न्यू ऑब्जेक्टच्या जागी न्यू कम्पेरेबल[16]. टेस्ट हिरव्या. पूर्ण दिवस गेला.

6 जून

तिन्ही साठे नव्या इंटरफेसवर आणायला घेतले. आणि आता खरी अडचण दिसली.

साठा<न, क> असं जिथे जिथे लिहिलं आहे, तिथे क स्वतः टाइप पॅरामीटर असेल तर अट पुन्हा लिहावी लागते. साठ्यातून फाइलीत उतरवणारा क्लास, बदलांची नोंद ठेवणारा क्लास, दोन साठ्यांतला फरक काढणारी मेथड. यातल्या एकालाही क्रमाशी देणंघेणं नाही. तरी प्रत्येकाच्या घोषणेत ‘क एक्स्टेंड्स कम्पेरेबल<? सुपर क>’ लिहावं लागलं, नाहीतर कंपाइलर पुढे जाऊ देत नाही. मोजलं तर 41 ठिकाणी.

बदल बघायला दिला तेव्हा सहकाऱ्यानं एकच विचारलं: “ही अट तू कुणासाठी घातलीस? फाइलीत उतरवणाऱ्याला क्रम कशाला लागतो?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की चार मेथडींपैकी एकीलाच, म्हणजे ‘क्रमानं’ हिलाच, ती अट हवी आहे. तिच्यासाठी मी साऱ्या इंटरफेसला बांधून टाकलं होतं, आणि त्याची किंमत तो इंटरफेस नुसता उच्चारणारा प्रत्येक जण देत होता.

म्हणून अट इंटरफेसवरून उचलून त्या मेथडीवर ठेवायला गेले. जावात हे जमतच नाही. मेथडीला स्वतःचा नवा टाइप पॅरामीटर घेता येतो आणि त्यावर अट घालता येते, पण ‘इंटरफेसचा क कम्पेरेबल असेल तरच ही मेथड आहे’ असं सांगायची सोय भाषेत नाही. स्विफ्टमध्ये एक्स्टेन्शनवर अशी अट घालता येते, कॉटलिनमध्ये एक्स्टेन्शन फंक्शननं काम भागतं. जावात दुसरी वाट शोधायला हवी.

आज कोड पुढे गेला नाही. 41 ठिकाणचे बदल वेगळ्या ब्रांचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या शाखेवर, ठेवून दिले आणि घरी गेले.

9 जून

सकाळभर जावाच्या लायब्ररीचा सोर्स वाचत बसले. लिहिणाऱ्यांनी हाच पेच कसा सोडवला ते बघायचं होतं. फार उपयोग झाला.

ट्रीमॅपच्या किल्लीवर अट नाहीच! ज्या क्लासचं सगळं काम क्रमावर चालतं त्यानंही ती घातलेली नाही, कारण कन्स्ट्रक्टरला कम्पेरेटर, म्हणजे तुलना कशी करायची ते सांगणारी वस्तू, दिला तर किल्ली स्वतः कम्पेरेबल असायची गरजच उरत नाही. अट घातली असती तर ती वाट बंद झाली असती. प्रायॉरिटीक्यूचंही तसंच. स्ट्रीमची सॉर्टेड ही मेथडही बिनअटीची आहे, आणि घटक कम्पेरेबल नसतील तर चालताना क्लासकास्टएक्सेप्शन देते. 2 तारखेला मी ज्या भिंतीला धडकले तीच भिंत तिथेही आहे.

एनममॅपवर मात्र अट आहे: किल्ली एनमच, म्हणजे आधीच ठरवलेल्या मूल्यांचा टाइप, हवी. तिथे ती बरोबर आहे. आतला ॲरे एनमच्या क्रमांकावर चालतो, एनम नसेल तर त्या क्लासची एकही मेथड चालणार नाही.

सगळ्यात कामाचं सापडलं ते मॅपच्या एंट्रीमध्ये. एंट्री या इंटरफेसवर अट नाही, पण त्यातल्या कम्पेअरिंगबायकी या स्टॅटिक, म्हणजे वस्तूशिवाय थेट बोलावता येणाऱ्या, मेथडीवर ‘कम्पेरेबल<? सुपर क>’ ही अट आहे. स्टॅटिक मेथडीचा टाइप पॅरामीटर तिचा स्वतःचा असतो, म्हणून तिथे अट घालता येते. इंटरफेस मोकळा, अट दारावर.

मग मीही तसंच केलं. साठा<न, क> पुन्हा बिनअटीचा. तो बनवायची दारं दोन:

स्टॅटिक <न, क एक्स्टेंड्स कम्पेरेबल<? सुपर क>> साठा<न, क> नैसर्गिक(...)

स्टॅटिक <न, क> साठा<न, क> क्रमवार(कम्पेरेटर<? सुपर क>, ...)

पहिल्या दारातून येणाऱ्याची किल्ली कम्पेरेबल हवी आणि ते कंपाइलर तपासतो. दुसऱ्या दारातून येणारा तुलना कशी करायची ते सोबत घेऊन येतो. एकदा साठा हातात आला की पुढे त्याला वापरणाऱ्या कुणालाही अट लिहावी लागत नाही. आत दोन्हीकडे कम्पेरेटरच ठेवला जातो. पहिल्या दारात तो कम्पेरेटरच्या नॅचरलऑर्डरकडून येतो, आणि तिच्यावरही हीच अट आहे.

वेगळ्या ब्रांचवरचे 41 बदल टाकून दिले. त्यांत दीड दिवस गेला होता, पण ते टाकताना जिवाला बरं वाटलं.

10 जून

4 तारखेच्या तात्पुरत्या दुरुस्तीनं आज हिशेब मागितला.

दुसऱ्या दारानं, म्हणजे कम्पेरेटर देऊन, ॲरेवाला साठा बनवला. किल्ली तीच 2 तारखेची छोटी रेकॉर्ड. कंपाइल स्वच्छ. पहिली नोंद ठेवताना ॲरेस्टोअरएक्सेप्शन.

त्या दिवशी मी ॲरे खराखुरा कम्पेरेबलचा बनवला होता. अट काढल्यावर क च्या जागी पुन्हा ऑब्जेक्ट बसला, त्यामुळे कास्ट निमूट पार पडला. पण ॲरेला स्वतःचा टाइप चालतानाही आठवत असतो. कम्पेरेबल नसलेली वस्तू त्यात ठेवायला गेल्यावर त्यानं नकार दिला. अट घातली तेव्हा एका बाजूनं मोडलं, काढली तेव्हा दुसऱ्या बाजूनं.

आता कायमची दुरुस्ती. खण ऑब्जेक्ट[] असाच जाहीर केला, आणि वाचताना एका खासगी मेथडीत (क) असा कास्ट. ॲरेलिस्ट आतून हेच करते. सप्रेसवॉर्निंग्ज त्या एकाच मेथडीवर. अट घाला, काढा, या कोडला आता फरक पडत नाही. अर्धा दिवस.

12 जून

किल्लीचं निस्तरलं, आता नोंदीच्या टाइपचं. दोन दिवस त्यातच गेले.

जुन्या कोडमध्ये सगळ्या नोंदींचा एक मूळ क्लास आहे. त्यात ‘दुरुस्तप्रत’ ही मेथड: स्वतःची नक्कल काढते, दुरुस्तीची वेळ भरते आणि परत देते. बिलावर बोलावली तर बिल मिळावं, ग्राहकावर बोलावली तर ग्राहक. त्यासाठी मी हे लिहिलं:

ॲबस्ट्रॅक्ट क्लास नोंद<स एक्स्टेंड्स नोंद<स>>

स म्हणजे ‘स्वतःचा टाइप’. एनम हा जावाचा मूळ क्लास असाच जाहीर केलेला आहे. या प्रकाराला एफ-बाउंडेड पॉलिमॉर्फिझम म्हणतात, नाव 1989 च्या शोधनिबंधातलं. मला वाटलं, या अटीमुळे स ला स्वतःचाच टाइप द्यावा लागेल.

तसं होत नाही. नवा क्लास लिहिताना नक्कल-चिकटव करताना ‘क्लास बिल एक्स्टेंड्स नोंद<ग्राहक>’ असं राहून गेलं आणि ते कंपाइल झालं. का होऊ नये? ग्राहक हा नोंद<ग्राहक> आहेच, अट पूर्ण झाली. बिलाचं नाव त्या अटीत येतच नाही. मूळ क्लासमध्ये (स) धिस असा कास्ट होता. तो पुसून (नोंद) धिस झाला, म्हणून तिथेही गप्प. स्फोट झाला तो फार लांब, मिळालेली वस्तू ग्राहक म्हणून वापरायला गेलेल्या ओळीवर. मागोवा घेत परत मूळ क्लासपर्यंत यायला चार तास लागले.

पहिला उपाय: तो कास्ट काढून टाकला आणि मूळ क्लासमध्ये ‘स स्वतः()’ ही ॲबस्ट्रॅक्ट मेथड ठेवली. प्रत्येक वारसानं तिच्यात ‘रिटर्न धिस’ लिहायचं. आता बिलात चुकून ग्राहक लिहिला तर रिटर्न धिस कंपाइल होत नाही. हा उपाय चांगला आहे, ज्याला स्वतःचा टाइप खरंच हवा आहे त्यानं हाच करावा.

पण मग बिलाचा वारस आला, आगाऊबिल. बिलानं स ची जागा बिल म्हणून भरून टाकली आहे, त्यामुळे आगाऊबिलाची दुरुस्तप्रत मागितली तर टाइप बिल मिळतो. पुन्हा कास्ट. एनमला ही अडचण येत नाही, कारण एनमचा वारस आपल्याला हातानं लिहिता येत नाही, तो कंपाइलर बनवतो आणि टाइप बरोबर भरतो.

शेवटी साठ्याला यातलं काय हवं ते कागदावर लिहिलं. साठ्याला नोंदीची बदललेली प्रत हवी, इतकंच. ती कशी बनते हे त्याला कळायची गरज नाही. म्हणून साठ्याला ‘बदल’ अशी मेथड दिली. ती किल्ली घेते आणि न घेऊन न देणारं एक फंक्शन घेते. स ची अख्खी गुंतागुंत साठ्यातून गेली.

त्याच झाडणीत नोंदीवरची दुसरी अटही गेली. ‘न एक्स्टेंड्स ओळख<क>’ अशी अट मी ठेवली होती, नोंदीकडून तिची किल्ली विचारता यावी म्हणून. बिलं, ग्राहक ठीक. पण भेटींचे क्लास एका साधनानं आपोआप लिहिलेले आहेत, त्यांना आमचा इंटरफेस इम्प्लिमेंट करायला लावता येत नाही. आता साठा बनवतानाच ‘न वरून क काढणारं फंक्शन’ द्यायचं. वर दोन्ही दारांत जिथे टिंबं आहेत तिथे हेच आहे.

16 जून

आजचं काम सरळ झालं, म्हणून थोडक्यात.

बिलाची स्थिती, भेटीची स्थिती वगैरे एनम आहेत आणि प्रत्येक मूल्याला दोन अक्षरांचा संकेत आहे. संकेत देऊन मूल्य शोधायची मेथड पाच ठिकाणी लिहिलेली होती. आता एकच:

<ए एक्स्टेंड्स एनम<ए> & सांकेतिक> ए शोध(क्लास<ए>, स्ट्रिंग)

दोन अटी एकदम. क्लास आधी, इंटरफेस नंतर. उलट लिहिलं तर कंपाइलर नाकारतो. इथे अट मनापासून आवडली, कारण ती नसती तर मेथडीला काही करताच आलं नसतं: मूल्यांची यादी एनम असल्यामुळे मिळते, संकेत सांकेतिक असल्यामुळे. एनमची किल्ली असलेल्या साठ्यासाठी वेगळा गणसाठा क्लास केला आणि त्याच्या क वर एनमची अट ठेवली. ती काढणार नाही. आत एनममॅप आहे.

17 जून

अहवालाचं मॉड्यूल आज सुरूच होईना. नोसचमेथडएरर, म्हणजे बोलावलेली मेथडच सापडेना.

सामायिक जारमध्ये, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडच्या गठ्ठ्यात, ‘मोठी’ नावाची जुनी मेथड आहे, संग्रहातली सर्वात मोठी वस्तू देणारी. तिच्यावर अट नव्हती, आत कास्ट होता. काल संध्याकाळी जाता जाता मी तिला ‘त एक्स्टेंड्स कम्पेरेबल<? सुपर त>’ अशी अट घातली. आमच्याकडे सगळ्या टेस्ट हिरव्या, कारण आम्ही सगळं नव्यानं कंपाइल करतो. अहवालाचं मॉड्यूल जुन्या जारवर कंपाइल झालेलं होतं, आणि नवी जार त्याच्या शेजारी नुसती आणून ठेवली होती.

जावाच्या संचातल्या जावा-पी या साधनानं दोन्ही जारमधली मेथड बघितली. जुनी ऑब्जेक्ट परत करते, नवी कम्पेरेबल. अट बदलली म्हणजे पुसल्यानंतरचा टाइप बदलला, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडच्या दृष्टीनं ती मेथडच वेगळी. 4 तारखेचंच कारण, दुसऱ्या वेषात.

उपाय जावाच्याच लायब्ररीत आहे. कलेक्शन्सच्या मॅक्स या मेथडीची अट अशी आहे:

टी एक्स्टेंड्स ऑब्जेक्ट & कम्पेरेबल<? सुपर टी>

यातलं ‘ऑब्जेक्ट &’ मला नेहमी फालतू वाटायचं. सगळंच ऑब्जेक्ट असतं, मग लिहायचं कशाला? पुसताना पहिली अट धरली जाते, म्हणून. ती मेथड जावा 1.2 पासून ऑब्जेक्ट परत करत होती. 2004 मध्ये जावा 5 बरोबर जेनेरिक्स आले तेव्हा आधी कंपाइल झालेले प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ते दोन शब्द पुढे लावले. मीही ‘मोठी’ला तेच लावलं. अहवालाचं मॉड्यूल पुन्हा कंपाइल न करताच सुरू झालं.

एका ओळीच्या बदलानं दुसऱ्यांची सकाळ खाल्ली. त्यांना सांगितलं, माफी मागितली. बिल्डमध्ये आता मागच्या जारवर कंपाइल केलेला एक छोटा प्रोग्राम नव्या जारवर चालवून बघायची पायरी घातली आहे.

19 जून

हॅशवाला साठा आणि ट्रीवाला साठा एकाच टेस्टसंचातून नेले. एक टेस्ट फक्त ट्रीवर नापास. किल्ली बिगडेसिमल, म्हणजे दशांश संख्येचा टाइप. 1.0 आणि 1.00 अशा दोन किल्ल्या: हॅशवाला दोन नोंदी ठेवतो, ट्रीवाला एकच.

हॅशवाला किल्ल्या इक्वल्सनं ताडतो, ट्रीवाला कम्पेअरटूनं. बिगडेसिमलची इक्वल्स दशांशाची लांबीही बघते, कम्पेअरटू फक्त किंमत बघते. दोघी आपापल्या जागी लिहिल्याप्रमाणेच वागतात. कम्पेरेबल ही अट मेथड आहे एवढंच सांगते, ती इक्वल्सशी जुळते का हे सांगत नाही, आणि कंपाइलरला ते तपासताही येत नाही. इथे अटीचा उपयोग नाही, नियम लिहूनच ठेवावा लागतो. लिहिला: बिगडेसिमल किल्ली साठ्यात देण्याआधी शेवटची शून्यं काढून घ्यायची, म्हणजे स्ट्रिपट्रेलिंगझीरोज बोलवायची.

20 जून

सी शार्पमधून आलेल्या सहकारणीनं विचारलं, रिकामी नोंद बनवायला न वर ‘न्यू’ची अट कुठे आहे? जावात तशी अट नाही. कन्स्ट्रक्टरबद्दल किंवा स्टॅटिक मेथडीबद्दल टाइप पॅरामीटरकडून काहीच मागता येत नाही. सप्लायर<न>, म्हणजे न बनवून देणारं फंक्शन, घ्यायचा, आणि बोलावणाऱ्यानं ‘बिल::न्यू’ द्यायचं. वीस मिनिटांत झालं.

24 जून

तिन्ही साठे नव्या इंटरफेसवर आले. पाच दिवस धरले होते, कामाचे चौदा लागले.

इंटरफेसवर आज एकही अट नाही. 2 तारखेलाही नव्हती, पण तेव्हा साठा कुणीही कशाही किल्लीनं बनवू शकत होतं. अटी आता चार जागी आहेत: ‘नैसर्गिक’ या दारावर, गणसाठ्याच्या किल्लीवर, ‘शोध’वर आणि ‘मोठी’वर.

शेवटचं राहिलेलं काम म्हणजे या अटींचीच टेस्ट. कंपाइल होऊ नये असा कोड टेस्टमध्ये लिहिणार कसा, हा प्रश्न होता. जावा 6 पासून कंपाइलर प्रोग्राममधूनच बोलावता येतो, जावाएक्स टूल्समधल्या जावाकंपाइलर इंटरफेसनं. त्याला कोड स्ट्रिंग म्हणून दिला आणि एरर आलाच पाहिजे अशी अपेक्षा लिहिली. अशा सात टेस्ट झाल्या. बिनअटीच्या ब्रांचवर त्या नापास होतात ना, हेही आधी करून बघितलं.

त्यातली पहिली म्हणजे विभाग आणि क्रमांकाची ती छोटी रेकॉर्ड. ‘नैसर्गिक’ दारातून ती कंपाइल होत नाही. ‘क्रमवार’ दारातून, कम्पेरेटर देऊन, ट्री आणि ॲरे दोन्ही साठ्यांत चालते.